डाव्या अंगाची पायरी

आमच्या छंदातल्या माणसांची एकच तक्रार असते आणि ती जन्मभर पुरते: हवं ते कुणी बनवत नाही. आम्ही लहान रेल्वेगाड्या जमवणारे. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान इंजिनं, डबे, रूळ, सिग्नल. जगातल्या कंपन्या बर्फातल्या डोंगरगाड्या बनवतात, हॅट घातलेले प्रवासी बनवतात, गुबगुबीत गाई बनवतात. लिंबाचं झाड कुणी बनवत नाही. पत्र्याच्या छपराचं स्टेशन, पाण्याचा रांजण, गाठोडं पुढ्यात घेऊन फलाटावर उकिडवी बसलेली बाई, यातलं काहीही विकत मिळत नाही. धाराशिवच्या घरी गच्चीवरच्या खोलीत बसून मी त्या परदेशी प्रवाशांच्या हॅटा ब्लेडनं तासायचो आणि डोक्यांना फेटे रंगवायचो. बायको म्हणायची, ऑफिसात माणसं तासता ती पुरत नाहीत का. मी कोर्टात कारकून आहे.

फोनवर आमचा पंचवीसेक जणांचा ग्रुप आहे. दर दिवाळीला तिथं 'कुणीतरी हे बनवा' अशी यादी निघते आणि यादीत पहिलं नाव कायम आमच्या भागातल्या छोट्या गाडीच्या इंजिनाचं असतं. अडीच फुटी रुळांवरून येडशीमार्गे जाणारी ती गाडी. तिचे रूळ उखडून रुंद रूळ टाकले त्याला बरीच वर्षं झाली. वाफेची इंजिनं तर त्याआधीच भंगारात गेली. आम्ही मागत राहायचो आणि कंपन्या ढुंकून बघायच्या नाहीत. मग एका वर्षी पुण्याचा एक हौशी गृहस्थ म्हणाला, घरामागं माझं छोटं वर्कशॉप आहे, मी बनवतो. फक्त साचा एकदाच होणार, तेव्हा तपशील पुराव्यासकट द्या. पुरावा म्हटलं की माझे कान टवकारतात. ते काम मी अंगावर घेतलं.

अडचण एकच निघाली. मिळाले ते सगळे फोटो इंजिनाच्या उजव्या बाजूचे होते. फोटो काढणारा फलाटावर उभा राहायचा आणि तिथून दिसेल तेवढंच इंजिन जगाला माहीत. डाव्या बाजूला काय होतं ते सांगणारं माणूस पाहिजे होतं. शोधता शोधता येडशीत एक म्हातारा सापडला. त्या इंजिनावर तो फायरमन होता, म्हणजे भट्टीत कोळसा मारणारा. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. समोर कुणीतरी आहे एवढं त्याला कळायचं, कोण आहे ते आवाजावरून. त्याची सून रविवारी धाराशिवच्या बाजाराला यायची, येताना त्याला एसटीनं घेऊन यायची, माझ्या घरी बसवायची आणि पिशव्या घेऊन निघून जायची.

त्याला सगळं पाठ होतं. कोळशाचा खण किती हात लांब, पाण्याच्या टाकीचं झाकण कुठल्या बाजूनं उघडतं, शिट्टीची दोरी कुठनं येते. मी लिहून घ्यायचो. आणि दर रविवारी, पोहे खाऊन झाले की, तो पायरीवर यायचा.

"सायेब, मी बुटका. शेडमधी समदे हसायचे. गाडी हालायच्या आत फायरमननं चढाय पायजे, अन् माझा पाय पुरायचा न्हाय. मग रुळाच्या जोडपट्टीचा तुकडा आणला, दोन भोकं पाडली अन् डाव्या अंगाला बोल्टानं आवळून टाकला. फोरमननं बघितलं अन् न बघितल्यावानी केलं. इंजिन भंगारात जाईस्तोवर ती पायरी तितंच व्हती."

"बरं काका," मी म्हणायचो.

"कंपनी बनवायलीच तर तेवढी पायरी घाला. घरात कुणी खरं मानत न्हाय. पोरगं म्हणतंय, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. एकदा त्येच्या हातात दिलं म्हंजी झालं."

एवढंच त्याचं मागणं होतं. चाळीस वर्षं कोळसा मारून त्या रेल्वेवर त्याची स्वतःची म्हणावी अशी खूण ती एकच. मला ते तेव्हाही कळत होतं. न कळल्याचं सोंग मी घेणार नाही.

आता माझ्या रागाचं सांगतो. ग्रुपमधले तिघं सोलापूरहून माझं काम बघायला आले. गच्चीवरच्या खोलीत मी चार वर्षं खपून, इकडचे तिकडचे भाग जोडून, तेच इंजिन स्वतः बनवलेलं होतं. ते माझं वैभव. तिघं वाहवा करत होते. म्हातारा त्या दिवशी तिथंच बसलेला. मी मोठ्या कौतुकानं इंजिन त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोन्ही हातांत धरलं, बोटं फिरवली, चिमणीवर, टाकीवर, चाकांवर, आणि हसला. म्हणाला, "ही आपली न्हाय, सायेब. चिमणी बारीक झालीय, पाठीवरला वाफेचा घुमट पुढं सरकलाय. लेकरास्नी द्या खेळायला." तिघंही हसले. त्यात वाईट काही नव्हतं, तो खरं तेच बोलला होता. पण हसू माझ्या खोलीत, माझ्या माणसांसमोर झालं. मी त्याला चहा दिला आणि मनात म्हटलं, थांब.

आमच्या ग्रुपात एक रीत आहे. पूर्वी कुणा रिटायर्ड गार्डच्या थापांवर विश्वास ठेवून लोकांनी अख्खी गाडी चुकीच्या रंगात रंगवली होती. तेव्हापासून आठवणी सांगणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा घ्यायची. त्याला दुसऱ्याच कुठल्या तरी लाईनचं इंजिन दाखवायचं आणि बघायचं. 'हे आमचं नव्हे' म्हणाला तर माणूस पक्का. 'आमचंच' म्हणाला तर त्याचं सगळं सांगणं रद्द.

पुढच्या रविवारी मी फोनवर दुसऱ्याच मुलखातल्या इंजिनाचा फोटो उघडून त्याच्यापुढं धरला. आंधळ्या माणसापुढं. त्यानं काचेवर बोटं फिरवली. काच त्याला काय सांगणार? बायकोचा मोबाईल मी आधीच कपाटावर उभा करून रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं. आणि मी विचारलं, "काका, हीच ना ती आपली?"

रोज कोर्टात बसतो मी. उत्तर आतच घालून विचारलेला प्रश्न नवशिक्या वकिलानं विचारला तरी समोरचा उठून हरकत घेतो. माझ्या खोलीत हरकत घ्यायला कुणी नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "हीच की. तुमी दावायलाव म्हंजी हीच आसंल."

दुसरं वाक्य मी कापलं. 'व्हय, हीच की' एवढंच ग्रुपवर टाकलं. तिथं पाच मिनिटांत निकाल लागला. कुणी लिहिलं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, बाबा इंजिनाची चढले. हसण्याची चित्रं आली. पुण्याच्या गृहस्थानं एका ओळीत कळवलं: डावी बाजू साधी ठेवतो, पायरी काढून टाकतो. मी अंगठा पाठवला.

बायकोनं तो व्हिडिओ बघितला. म्हणाली, "त्यांना दिसत नाही हे तुम्हाला माहीत होतं." मी म्हटलं, रीत आहे आमची. ती म्हणाली, "रीत नाही, राग आहे." त्यानंतर पोह्याची बशी तिनं माझ्यापुढं सरकवली नाही, आदळली.

व्हिडिओ ग्रुपात राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण अशा गोष्टीला पाय फुटतात. कुणीतरी पुढं ढकलला, तिथून आणखी कुणी, आणि महिन्याभरात तो येडशीच्या स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोचला. म्हाताऱ्याच्या पोरानं तिथंच तो बघितला, चार माणसांत. हे मला त्याच्या सुनेनं सांगितलं, बाजारात गाठ पडली तेव्हा. "मामांस्नी आता टपरीवर 'पायरीवाले' म्हणत्यात," ती म्हणाली. "ह्यांनी तर मामांस्नी सांगूनच टाकलं, रेल्वेचं नाव घरात काढायचं न्हाय." ती मला दोष देत नव्हती. तिला वाटत होतं, साहेबांनी फसवणूक वेळेत उघडी पाडली. मी मेथीची जुडी उचलून बघत राहिलो. रविवारचं येणं बंद झालं ते झालंच.

इंजिन तयार होऊन आलं. सुरेख होतं, कबूल करतो. काळा रंग, पितळी शिट्टी, चिमणी म्हाताऱ्यानं सांगितली तशी जाड, घुमट त्यानं सांगितला तिथं. त्याचं बाकी सगळं सांगणं आम्ही वापरलं होतं. रद्द झाली ती फक्त पायरी. डब्यात घातलेल्या कागदावर 'माहिती संकलन' म्हणून माझं नाव होतं.

दोनेक महिन्यांनी पुण्याहून फोटो आला, फक्त मला. त्या गृहस्थाला परदेशातल्या कुणा म्हाताऱ्या प्रवाशानं आपली जुनी छायाचित्रं पाठवली होती. हा बाबा फलाटावर नव्हे, पलीकडं काट्याकुट्यात उतरून उभा राहिला असणार. इंजिनाची डावी बाजू. आणि खाली, काजळीनं माखलेला, जोडपट्टीचा तुकडा. मी फोटो मोठा करून बघितला. दोन बोल्ट. सोबत ओळ होती: साचा होऊन गेला, आता गवगवा नको, ग्रुपवर टाकू नका. मी लिहिलं, बरोबर आहे.

पण खाई त्याला खवखवे. चार दिवस झोप नीट लागली नाही. म्हटलं, ग्रुपला नको, गावाला नको, निदान त्याला एकट्याला सांगावं. त्यानं 'जाऊ द्या सायेब' म्हणावं आणि आपण मोकळं व्हावं. मला माफी हवी होती आणि ती फुकटात हवी होती. रजा टाकून एसटीनं येडशीला गेलो.

तो अंगणात पत्र्याखाली बाजेवर बसला होता. आता उजेडही कळेनासा झाला होता. ऑपरेशन का नाही केलं म्हणून विचारलं, तर सून म्हणाली, मामाच नको म्हणत्यात, बघायचं काय ऱ्हायलंय म्हणत्यात. मी आवाज दिला तसा तो सावरून बसला.

"काका, फोटो सापडला. डाव्या बाजूचा. पायरी आहे त्यात. तुमचं खरं होतं."

मी फोन काढून त्याचा हात धरून काचेवर ठेवला. का ठेवला, देव जाणे. त्यानं हात काढून घेतला आणि मांडीखाली घातला.

"सायेब," तो हळूच म्हणाला, "ह्या खेपंला व्हय म्हणायचं का न्हाय म्हणायचं, तेवढं आधी सांगा."

"परीक्षा नाही काका. खरंच आहे."

"त्या दिशीबी तुमी खरंच म्हणला व्हता." मग त्यानं मान वर केली आणि रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "न्हाय. पायरी नव्हती. म्या खोटं बोललो. घ्या लिहून."

सून दारात उभी होती. तिचे डोळे चांगले आहेत. फोन नुसता तिच्याकडं फिरवला असता तरी काम झालं असतं. संध्याकाळी पोरानं बघितला असता, सकाळी टपरीनं. मग व्हिडिओ आला त्याच वाटेनं फोटो उलटा ग्रुपावर गेला असता, आणि तिथं माझं नाव होतं. मला शरम वाटत होती. तरी मी फोन बंद करून खिशात ठेवला.

"काय म्हणत व्हते मामा?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "वय झालंय त्यांचं."