पुडीतले नवे बुश

निवृत्त झाल्यावर पोस्टिंगचे आदेश येत नाहीत. तरी अनसिंगला आल्यापासून वर्षातली एक ड्यूटी माझ्याकडे पक्की आहे. ईशान, तारा, आजी अजून ती जुनी फोर-बाय-फोर का चालवते, असं तुम्ही फोनवर विचारता. त्याचं उत्तर या ड्यूटीत आहे, म्हणून यंदाची हकिगत लिहिते.

लान्स नायक विलास आमच्या फील्ड हॉस्पिटलचा अ‍ॅम्ब्युलन्स ड्रायव्हर होता. मी तिथे नर्सिंग ऑफिसर होते, मेजर. विलास ड्यूटीवर असताना गेला. मानोरा तालुक्यातल्या त्याच्या गावी शाळेसमोर त्याचं स्मारक आहे. दरवर्षी तो गेला त्या दिवशी सकाळी तिथे झेंडा चढतो आणि पहिला हार त्याच्या आईच्या, शांताबाईंच्या, हातून पडतो. शांताबाई आता अनसिंगला लेकीकडे असतात. लेक-जावयाची वांगी-मेथीची बागायत आहे. विलासचा दिवस पावसाळ्यात येतो. त्या दिवसांत एसटी फाट्यावर सोडते आणि पुढे काळ्या मातीचा चिखल असतो. शांताबाईंचे गुडघे तेवढे चालत नाहीत. म्हणून माझी गाडी.

गाडी उन्हाळ्यापासूनच सरळ रेषेत चालत नव्हती. स्टिअरिंग फिरवलं की चाकं क्षणभर विचार करून मग वळायची आणि खालून ठक असा आवाज यायचा. तुमच्यासाठी सोपं करून सांगते. स्टिअरिंग फिरलं की एक आडवा दांडा पुढची चाकं वळवतो. तो ज्या नळीत असतो ती नळी गाडीच्या सांगाड्याला पट्ट्यांनी आवळलेली असते आणि मध्ये रबराचे बुश असतात. बुश झिजले की चाकांच्या आधी नळीच सरकते.

आमच्या बंडू मिस्त्रीने आधी दोनदा अलाइनमेंट केलं, मग टायर पुढचे मागे केले. मी म्हणत होते, बुश बघ. तो म्हणत होता, रस्तेच तसे आहेत. शेवटी मी अकोल्याहून नवे बुश मागवले आणि त्याच्या हातात ठेवले. आठवड्याने त्याने गाडी दारात आणून लावली.

"झालं काम, मेजरबाई. बिनधास्त जा."

आवाज कमी झाला होता. मला बरं वाटलं.

विलासच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर निघालो. शांताबाईंच्या मांडीवर झेंडूचा हार ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता. पोहरादेवीच्या बाजूला वळणारा फाटा अजून पुढे होता. उतारावर समोरून ट्रॅक्टर आला. मी डावीकडे घेतलं. गाडी आली नाही. आणखी घेतलं, तेव्हा एकदम आली आणि पुढचं चाक रस्ता सोडून कडेच्या चारीत गेलं. ट्रॅक्टरवाला ओरडून निघून गेला.

"लागलं का, शांताबाई?"

"मले काई नाई झालं. हार पाहा."

हार ठीक होता. लो गिअर टाकून गाडी मागे घेतली आणि सपाटीवर उभी केली. खाली नळी बघायची तर कोणीतरी स्टिअरिंग हलवायला हवं. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी शांताबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि चाकाआडून वाकून बघू लागले.

"डावीकडे."

"कोन्तं डावं?"

"जेवायचा हात नाही तो."

स्टिअरिंग हललं. नळी बोटभर सरकली. फटीतून काळ्या रबराची पट्टी लोंबत होती. ट्रॅक्टरच्या ट्यूबची. मी बंडूला फोन लावला.

"बंडू, नवे बुश कुठे आहेत?"

"तुमच्याच गाडीत हायेत ना. डॅशबोर्डच्या खनात. जपून ठेवले."

"बसवले का नाहीस?"

"असे कोरे बुश चिखलात कायले खराब करता, मेजरबाई? म्या जुन्यावर ट्यूब गुंडाळली. पानीपाऊस सरला का बसवून देतो."

खण उघडला. बुश कंपनीच्या पुडीत, पुडी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. एवढी काळजी त्याने माझ्या गाडीची कधी घेतली नव्हती.

"हत्यारं घे आणि ये. आत्ता."

मग शाळेच्या हेडमास्तरांना फोन केला. कार्यक्रम थोडा थांबवा, म्हटलं. पाहुण्यांना मानोऱ्यात दुसरीकडे जायचं आहे, ते म्हणाले, थांबवता येणार नाही. मी आग्रह केला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

बंडू मोटारसायकलवर आला, मागे पोत्यात जॅक आणि दोन लोखंडी घोड्या. शांताबाई बाभळीखाली बसल्या होत्या.

"काहून रे बंड्या, नवं वापरलं तर काटते का?"

"आजी, चांगली वस्तू राहू देली मी."

"माह्या सासूनं बी नवं लुगडं पेटीत राहू देलं होतं. त्याच्यातच जाळलं तिले."

बंडूने जॅक लावला. गाडी उचलून घोड्यांवर घेतली आणि तो खाली गेला. एका बाजूचे बोल्ट निघाले. दुसऱ्या बाजूचा एक गंजून बसला होता. त्याच्यावर डिझेल सोडलं, ठोकलं, वाट पाहिली, पुन्हा ठोकलं. मी घड्याळाकडे बघणं बंद केलं. सर्व्हिसमध्ये अशा वेळी ओरडायला माझ्याकडे रँक होती. इथे बाभळीखाली बसलेल्या बाईंसमोर ओरडून काय करणार?

बोल्ट सुटला. जुने बुश हातात घेतले तर त्यांचा चुरा झाला. बंडू नव्यांना ग्रीस लावायला निघाला.

"ग्रीस नको. रबर फुगतं. साबणाचं पाणी."

साबण नव्हता. साध्या पाण्याने, जोर लावून बसवले. दोन्ही पट्ट्या थोड्या थोड्या करत सारख्या आवळल्या. स्टिअरिंग हलवून पाहिलं. नळी जागची हलली नाही. एवढंच काम होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा शाळेसमोर खुर्च्या एकात एक घालून ठेवत होते. झेंडा वर होता. स्मारकावर पाहुण्यांचा मोठा हार होता. हेडमास्तर माफी मागू लागले. शांताबाई त्यांच्याकडे न बघता पुढे गेल्या. त्यांनी तो हार खाली ओढला नाही. थोडा बाजूला सरकवला आणि आपला झेंडूचा हार नावावर येईल असा घातला. पदराने नाव पुसलं. मग पायरीवर बसल्या आणि दरवर्षी विचारतात ते मला विचारलं.

"तवा त्यानं गाडी बराबर उभी केली होती नं, बाई?"

त्या दिवशी रस्त्यावर तोफेचे गोळे पडत होते. विलासने डोंगरावरून चार जखमी खाली आणले. हॉस्पिटलच्या दारात गाडी सरळ लावली, इंजिन बंद केलं. आम्ही मागून चारही स्ट्रेचर उतरवली. तो उतरत का नाही म्हणून मी पुढे गेले. स्प्लिंटर, म्हणजे फुटलेल्या गोळ्याचा तुकडा, त्याला वाटेतच कुठेतरी लागलं होतं.

"बरोबर उभी केली होती, शांताबाई. हँडब्रेकसुद्धा ओढला होता."

"अन् ते चौघं?"

"चौघंही घरी गेले."