एकाच औषधाची दोन पाकिटं

तुमचे आजोबा गेले त्या वर्षी मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये मी आणि कुत्रा असे दोघेच उरलो. तेरावा झाल्यावर तुमचे आईवडील परत गेले आणि थोड्याच दिवसांत कुत्र्याने खाणं सोडलं. दाराकडे तोंड करून पडायचा आणि पुढचा पाय चाटत राहायचा. आधी तिथले केस गेले, मग कातडी सोलवटली.

मी त्याला रिक्षातून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. ती तरुण गुजराती मुलगी, मराठी शेजारात वाढलेली. तपासण्यांत काही निघालं नाही. तो झुरतोय, असं तिचं मत पडलं. तिने जखमेला मलम दिलं आणि एक गोळी लिहिली. माणसांना नैराश्यात देतात तीच, मात्रा वेगळी. गुण यायला काही आठवडे लागणार होते. तोवर पोटात अन्न गेलं नाही, तर या वयात तो टिकेल असं तिला वाटत नव्हतं.

औषधाचं नाव वाचून मी पर्समधून माझी पट्टी काढली. माझ्या डॉक्टरांनीही तेच दिलं होतं. मी आणून ठेवलं होतं, फोडलं नव्हतं. नवरा गेल्यावर बाईला झोप लागत नाही, त्याला औषध कशाला, असं मला वाटे. वाया जाण्यापेक्षा हीच अर्धी करून कुत्र्याला देऊ का, असं मी विचारलं.

"बा, वजन मी कुत्र्याचं केलंय," ती म्हणाली. "त्याची त्याला. ही तुमची तुम्ही घ्या ने."

घरी गोळी काही जाईना. तूपभातात लपवली, तर हुंगून त्याने तोंड फिरवलं. तेव्हा मला चित्राहुती आठवली. आजोबा जेवणाआधी पाणी फिरवून ताटाबाहेर थोडा भात ठेवायचे आणि उठताना तो कुत्र्याला द्यायचे. बायका चित्राहुती घालत नाहीत. शिवाय ते गेल्यापासून मी ओट्याशी उभ्यानेच काहीतरी खात होते.

त्या दुपारी मी पान मांडलं आणि ताटाबाहेर भाताची छोटी मूद ठेवली, आत गोळी. कुत्रा उठून आला, जवळ उभा राहिला. मी मूद पुढे केली, तर घेईना. आजोबांचं जेवण झाल्याशिवाय त्याला ती कधी मिळालीच नव्हती. मग मला सगळं ताट संपवावं लागलं. त्यानंतर त्याने ती एका घासात गिळली. मीही माझी पट्टी फोडली.

बरेच दिवस काहीच फरक नव्हता. मला मळमळायचं, तो पेंगायचा. मग हळूहळू पायावर केस आले, मला झोप येऊ लागली. घर तितकंच रिकामं होतं, दुपारी तर फारच. पण जेवायला उशीर झाला की तो टेबलापाशी उभा राहून भुंकायचा. शेजारीण विचारायची, कोणावर ओरडतो एवढा? माझ्यावर, मी सांगायचे.