दाराशी उभा राहिलेला सभासद

लेदरच्या नव्या खुर्च्यांचा वास आला की मला नव्वदच्या दशकातला, अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठातला एक हिवाळा आठवतो. बाहेर बर्फ साचलेलं, खिडक्यांवर वाफ, आणि इतिहासाच्या प्रोफेसरबाईंनी वर्गात एक खेळ मांडलेला: इंग्रज सरकार हिंदुस्थानात व्यापार खातं उघडतंय, सल्ल्याला व्यापाऱ्यांचं मंडळ नेमतंय, ते मंडळ म्हणजे आम्ही. मी कापसाचा दलाल झालो, एक अमेरिकन मुलगी जहाजवाली, आणि माझा नागपूरचा रूममेट कातड्याचा निर्यातदार. सगळे बसले, तो मात्र दाराशीच उभा राहिला. “बस ना यार, गेमच आहे,” मी म्हणालो. “माझे पणजोबा गावातली मेलेली गुरं ओढायचे, कातडी सोलायचे. त्यांना या बोर्डात कोणी आत घेतलं असतं? मी त्यांचा रोल करतो,” तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली. मग जकातीवरून, जहाजभाड्यावरून आम्ही असे काही भांडलो की तास कधी संपला ते कळलंच नाही. कातड्याचाही विषय निघाला, ठराव झाला. शेवटी बाईंनी त्याला विचारलं, तू काहीच कसा बोलला नाहीस? “कोणी विचारलंच नाही,” तो म्हणाला, आणि जॅकेट चढवून बाहेर पडला. पुढच्या वर्षी पीएच.डी. सोडून तो कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. आता मी इथे अमेरिकेतल्याच एका कॉलेजच्या सल्लागार मंडळावर आहे. लेदरच्या मऊ खुर्चीत बसतो, बोलण्याआधी नकळत दाराकडे बघतो. तिथे आता कोणी उभंसुद्धा नसतं.