वाढलेली काच

मराठी भाषेतून 'फुटणे' हे क्रियापद कायमचं हद्दपार करण्याचा विडा आजवर एकाच माणसाने उचलला, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. तसं बायकांच्या हातातली बांगडी वाढते, देवापुढे नारळ वाढवतात, संध्याकाळी बाजारपेठेत दुकानं वाढवतात, एवढं आपण सगळेच पाळतो. पण आपण तिथे थांबतो. मामा थांबत नसत. त्यांच्या चिंचवडच्या घरात कप वाढत, बरण्या वाढत, सायकलच्या ट्यूबा वाढत, आणि दिवाळीत फटाकेसुद्धा वाढत. फुटाणे हवे असले की ते दुकानदाराला "ते भाजून फुगलेले चणे द्या" असं सांगत. घरात फूटपट्टी होती, पण तिला नाव मोजपट्टी. सुताराने "फळी किती फूट?" म्हणून विचारलं तर मामा उत्तर वितीत देत, आणि सुतार बिचारा स्वतःच्या बोटांकडे बघत बसे. दिवे गेले तर "दिवे यायचेत" म्हणायचं, साखर संपली तर "साखर आणायचीय" म्हणायचं. एकदा मी त्यांना कोंडीत पकडायला गेलो. म्हटलं, "मामा, झाडाला पालवी फुटते, त्याचं काय करणार?" मामांनी चहाचा कप खाली ठेवला, अंगणातल्या कडुनिंबाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ती फुटत नाही जावईबापू. ती येते." वर आणखी म्हणाले, "वस्तू ऐकत असतात हो. आपण वाईट बोललो की त्यांना वाईट वाटतं."

या ऐकणाऱ्या वस्तूंमध्ये सगळ्यात तिखट कानाची म्हणजे त्यांची मोटार. मामांच्या कंपनीतला कुणी बडा साहेब नोकरी सोडून मायदेशी निघाला तेव्हा मामांनी ती त्याच्याकडून घेतली. सायीच्या रंगाची, जुनी, विलायती बनावटीची आणि चालण्यापेक्षा उभं राहण्याची हौस अधिक असलेली. मामा तिला कधी "बंद पडली" म्हणाले नाहीत. "जरा टेकलीय" म्हणत. मग आम्ही जावई, भाचे, शेजारी असे सगळे मिळून टेकलेल्या बाईला ढकलत आकुर्डीपर्यंत जायचो, आणि मामा आतून आम्हाला धीर द्यायचे, "शाब्बास! उठतेय, उठतेय!" आजूबाजूच्या कुठल्याही घरी लग्न निघालं की नवरीला पोचवायला मामांची गाडी ठरलेली. दमडी घेत नसत. उलट पेट्रोल पदरचं घालून वर नवरीच्या हातात खाऊचा पुडा द्यायचे.

असं असूनही स्वतःच्या घरच्या मुलीला त्यांना गाडीतून पोचवता आलं नव्हतं. माझे सासू-सासरे फार लवकर वारले. माझी बायको आणि तिची धाकटी बहीण, दोघींना मामा-मामींनीच वाढवलं. मामांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे या दोघी म्हणजेच सगळं. आमचं लग्न झालं तेव्हा गाडी आलेली नव्हती. बायको लाल एसटीने सासरी आली, टपावर तिची ट्रंक, आणि मामा स्टँडवर उभे. ते त्यांच्या मनाला इतकं लागलं होतं की गाडी घरात आली त्याच दिवशी त्यांनी धाकटीला सांगून टाकलं, "पोरी, तुला मी माझ्या गाडीतून पोचवणार. अगदी उंबऱ्यापर्यंत." तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. पण ती ते वाक्य विसरली नाही आणि मामाही विसरले नाहीत.

तिचं लग्न ठरलं चाकणला. चाकणला तेव्हा कारखान्यांचं नाव नव्हतं, कांदा होता. लग्न आठवड्यावर आलेलं, आणि मामा मला घेऊन व्याह्यांकडे मानपानाचं बोलायला गेले. परत येताना मोशीच्या अलीकडे कांद्याने शिगोशीग भरलेला एक ट्रक समोरून भरधाव गेला आणि त्याच्या चाकाखालून एक खडा उडाला. खडा केवढा असेल? सुपारीएवढा. पण अख्खी पुढची काच डोळ्यांदेखत खडीसाखर होऊन आमच्या मांडीवर येऊन बसली. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. मामांनी गाडी बाजूला घेतली, धोतर झटकलं, चौकटीतून आरपार दिसणाऱ्या शेताकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वाढली."

दुसऱ्या दिवसापासून मामांनी काचेच्या भावाचा जेवढा अभ्यास केला, तेवढा त्यांनी शाळेत केला असता तर आज ते कुठल्या कुठे असते. पिंपरी कॅम्प, भोसरी, चिंचवड स्टेशन, सगळीकडे चौकशा करून आले आणि ओसरीवर आमची शिकवणी घेतली. "काचेचा भाव काचेवर नसतो. आधी बघायचं काच सपाट की बाकदार. सपाट असली तर तसबिरी करणारासुद्धा कापून देईल. आपली बाकदार. तिला साचा लागतो. मग काच दुपदरी की एकेरी. दुपदरी तडकते पण जागेवर राहते, म्हणून महाग. आपली एकेरी, भट्टीत तापवून कडक केलेली, ती... ती एकदम वाढते. मग तिच्या कडेचं रबर. उन्हाने वाळलेलं असलं की काढताना त्याचे तुकडे होतात, म्हणजे नवं आलं. मग बसवणाऱ्याची मजुरी. बाहेरगावची काच असली की नाक्यावर जकात. त्यात गाडी म्हातारी, तिचा कारखाना तिला कधीच विसरलेला." एवढं सांगून मामांनी आवाज खाली आणला. "पण खरा भाव ठरतो गिऱ्हाइकाच्या तोंडावर. तोंड पडलेलं दिसलं की भाव चढला. म्हणून गाडी कोपऱ्यावर उभी करायची, जुना सदरा घालायचा, सहज आलोय असं दाखवायचं. आणि लग्नाचा शब्द काढायचा नाही! लग्न म्हटलं की तो दुप्पट सांगणार."

असा सगळा बेत करून आम्ही चिंचवड स्टेशनजवळच्या काचवाल्याकडे गेलो. उत्तरेकडचा म्हातारा माणूस, सगळे त्याला चाचा म्हणत. मामांनी जांभई देत, इकडेतिकडे बघत सुरुवात केली, "चाचा, हमारे गाडी का सामने का काच बढ गया."

चाचांनी मान डोलावली. "बढ़ गया साहब. सबका बढ़ गया."

"सबका?" मामा दचकले. "किसी को लगा तो नहीं?"

"लगता है साहब, हर गिराहक को लगता है," चाचा म्हणाले. "मगर हम क्या करें? ऊपर से ही बढ़ के आता है."

"अरेरे!" मामा कळवळून म्हणाले. दोघेही जगाच्या दुःखाने माना हलवत होते, आणि मी तोंडात रुमाल कोंबून उभा. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "चाचा, टूट गया, टूट गया!" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दुकानातच शिवी हासडली होती. पण चाचांना उलगडा झाला. ते गाडी बघायला कोपऱ्यावर आले, चौकटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, घाई आहे का? "छे छे!" मामा म्हणाले. "कुछ घाई नहीं. आराम से." आणि पुढच्याच क्षणी त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि हळदकुंकू लावलेली लग्नपत्रिका बाहेर आली. माणूस समोर आहे आणि त्याला आमंत्रण द्यायचं नाही, हे मामांना जमणंच शक्य नव्हतं. "रविवार को हमारे लडकी का शादी है. आना हं! सहकुटुंब आना!" मी कपाळावर हात मारला. चाचांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "बिटिया की शादी है? तो मजूरी नहीं लूँगा." मामांची शिकवणी अशी भर रस्त्यात वाया गेली.

काच मात्र मुंबईहून मागवायची होती. चाचांनी टपाल कचेरीतून मुंबईच्या व्यापाऱ्याला ट्रंक कॉल लावला, गाडीचं नाव सांगितलं, सगळं सुरळीत पार पडलं. तेवढ्यात मामांनी "खात्री केलेली बरी" म्हणून रिसीव्हर ओढून घेतला. पलीकडून व्यापारी मराठीत विचारत होता ते मला बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

"जुन्या काचेचं काय?"

"जुनी वाढली!" मामा ओरडले.

"वाढली? किती वाढली?"

"पूर्ण वाढली हो! सगळीच्या सगळी!"

मग तो म्हणाला, "मग पुढची पाठवू का?"

"पुढचीच पाठवा!" मामा म्हणाले. "मागची शाबूत आहे!"

लग्नाच्या आदल्या दिवशी पेंढ्यात गुंडाळलेली काच आली. चाचांनी ती अंगणात उघडली, गाडीला लावून पाहिली, आणि ती दोन्ही बाजूंनी चांगली वीतभर बाहेर आली. व्यापाऱ्याने इमानेइतबारे पुढच्या, वाढीव मॉडेलची काच पाठवली होती. मामी हातातलं रुखवताचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या! जन्मभर वाढली वाढली म्हणत होतात ना? आली वाढून!" आम्ही पोट धरधरून हसलो. चाचांना म्हटलं, कापून बसवा. ते म्हणाले, ही कडक काच कापता येत नाही, कोपऱ्याला हत्यार लागलं की सगळी दाणा दाणा. मग आमचं हसू ओसरलं, कारण मामा हसत नव्हते. ते गाडीचं दार उघडून आत जाऊन बसले आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते समोर बघत राहिले. शेवटी बाहेर आले आणि मला म्हणाले, "व्याह्यांना निरोप द्या जावईबापू. त्यांची जीप येऊ दे."

रविवारी लग्न लागलं, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. नवऱ्याकडची जीप मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. धाकटी मेहुणी सगळ्यांच्या पाया पडली, मामांच्या पडली, आणि जीपकडे वळायच्या ऐवजी मागच्या अंगणात चालू लागली. "अगं, इकडे!" बायका ओरडल्या. ती तिथूनच म्हणाली, "मी मामाच्या गाडीतून जाणार."

"बाळा, तिला काच नाहीये," मामा म्हणाले. "धूळ, वारा, नवी साडी तुझी..."

"फुटली तर फुटली!" ती तडकून म्हणाली. "काच फुटली मामा, गाडी आहे ना?"

त्या घरात तो शब्द इतक्या मोठ्याने कुणी कधी बोललं नव्हतं, आणि तोही नवरीच्या तोंडून, अंगावर हळद असताना. मी मामांकडे पाहिलं. मामींनी तर डोळेच मिटले. मामांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला आजही तो जसाच्या तसा दिसतो. "हो गं," ते म्हणाले. "फुटली खरी." आणि किल्ली आणायला पळाले.

ती वरात ज्याने पाहिली तो जन्मात विसरणार नाही. मामांच्या डोळ्यांवर कंपनीत लोखंड घासताना घालायचा काळा गॉगल, कडेला रबराची पट्टी असलेला. शेजारी मी, तोंडाला उपरणं गुंडाळून. मागे नवरा-नवरी. भोसरीच्या पुढे गाडीने वेग धरला तशा मुंडावळ्या मागच्या काचेला जाऊन चिकटल्या, हारातल्या झेंडूच्या पाकळ्या पार रस्त्यावर, आणि नवरदेवाने आ वासून काही बोलायचा प्रयत्न केला तेव्हा त्याच्या तोंडात बहुतेक एखादं चिलट गेलं, कारण पुढे चाकणपर्यंत तो गप्प होता. मेहुणी मात्र सारखी हसत होती. शाळेतल्या सहलीला निघाल्यासारखी "मामा, अजून जोरात!" म्हणून ओरडत होती. पण चाकण जवळ येऊ लागलं तसा मामांनी वेग उतरवत नेला. बैलगाड्या आम्हाला ओलांडून जातील की काय, अशी मला भीती वाटत होती. चाकणला व्याही दारात उभे होते, ते गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आवं पाहुणं, हिला पुढं काचच न्हाई की वो!" मामा गाडीतून उतरून ऐटीत म्हणाले, "मुद्दाम काढलीय. पोरीला हवा लागावी म्हणून." मग तिला अगदी उंबऱ्यापर्यंत नेऊन पोचवलं. माप ओलांडून ती आत गेली.

परतताना गाडीत आम्ही दोघंच. दिवस कलला होता आणि मामांनी पुन्हा तीच गोगलगायीची चाल धरली. मी म्हटलं, "मामा, आता जरा पळवा. मागे कोणी नाही."

"कोणी नाही ना," मामा म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी गाडी कडेला घेऊन उभी केली. गॉगल काढला. त्यांचे डोळे लालबुंद झाले होते, आणि तो गॉगल असा होता की त्यातून वारा काय, वाऱ्याचा बापसुद्धा आत शिरला नसता. "जावईबापू," ते म्हणाले, "घर रिकामं झालं हो." आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो, आणि एवढी वर्षं त्यांच्या शब्दांची टिंगल करणारा मी, 'रिकामं' या शब्दासाठी दुसरा एखादा बरा शब्द शोधत राहिलो. त्यांना देण्यासारखा एकही मला सापडला नाही.