डॅशबोर्डवरच्या दोन सवती

आमच्या ह्यांना रस्ता पाठ असला तरी दोन बायकांना विचारल्याशिवाय ह्यांची गाडी हलायची नाही. एक गाडीच्या स्क्रीनमधली, दुसरी फोनमधली. कोण लवकर पोचवते, कोण उगाच फिरवते, यावर रोज निकाल. मी त्यांना माझ्या सवती म्हणायचे.

त्या रविवारी सकाळी चेण्याला नणंदेकडे पोहे खाता खाता ह्यांच्या छातीत कळ आली. "पित्त असेल," म्हणाले. पण शर्ट घामाने भिजला, तेव्हा मी सरळ गाडीची किल्ली उचलली. लायसन्स मिळून दोनच महिने झाले होते. हायवेवर मी एकदाही गाडी घातली नव्हती.

नणंद मागे बसून मीरा रोडच्या हॉस्पिटलला फोन लावत होती. माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांनी अशा अवस्थेतही पत्ता दोघींना दिला. गाडीतली म्हणाली, अठ्ठावीस मिनिटं. फोनमधली म्हणाली, एकोणीस.

"गाडीतली खोटारडी आहे," हे पुटपुटले आणि मला हायसं वाटलं. भांडतायत ना, मग ठीक आहे. बाजूने ट्रक घासून जात होते.

घोडबंदरच्या नाक्यावर दोघी एकदमच म्हणाल्या, डावीकडे वळा. असं कधी घडलं की हे टाळी द्यायचे. आता हात मांडीवरून हलला नाही. मी घाबरून मुद्दाम म्हटलं, "अहो, उजवीकडे घेते हं, वसईला."

"तुला वाटेल तसं घे."

सत्तावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. डावीकडे वळले आणि ओरडले, "बोला ना! शिव्या द्या मला!" नणंद मागे रडायला लागली.

काशिमिऱ्याला दोघींचं पुन्हा बिनसलं. फोनमधली म्हणे हाटकेशमधून आत जा, गाडीतली म्हणे सरळ. "कुणाचं ऐकू?" मी विचारलं. ह्यांचे डोळे मिटलेले. हाटकेशच्या गल्लीत गाळ्यांसमोर टेम्पो आडवे लागतात, एवढंच मला माहीत होतं. मी सरळ गेले. चुकले असते तर जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं.

हॉस्पिटलच्या दारातल्या चढावर ब्रेक दाबला. स्ट्रेचर येत होतं. डावीकडे बघायची माझी हिंमत होईना. स्टिअरिंग तसंच घट्ट धरून बसले. ब्रेकवरचा पाय कधी निघाला कळलंच नाही, गाडी हळूच मागे सरकायला लागली.

"अगं, हँडब्रेक लाव," डोळे न उघडताच हे म्हणाले, आणि मी तिथेच भोकाड पसरलं.