पेन्सिलीतली सही

आमचे पेन्सिल सर बोलायच्या आधी मागे वळून बघत. खोलीत दोघंच आहोत, दार लोटलेलं आहे, मागे नुसती भिंत आहे, तरी बघत. मग चष्मा कपाळावर सरकवून हळूच विचारत, "कोण नाय ना?" ते मुरबाडकडच्या एका लहान कॉलेजात ग्रंथपाल, मी शहापुरात. दोघांचीही नेमणूक वर्षाच्या करारावर. दर जूनमध्ये नवा आदेश हातात पडेपर्यंत दोघांनाही धास्ती असायची. मी ती लपवायचे, त्यांना लपवता यायची नाही, एवढाच काय तो फरक.

पेन्सिल सर हे नाव मुलांनी ठेवलेलं. पुस्तकावर वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, पेन्सिलीने घालायचा असतो, पण सर रजेचा अर्जसुद्धा पेन्सिलीने लिहायचे आणि प्राचार्यांनी डोळे वटारले की मग वरून पेन फिरवायचे. मी हसले तर म्हणत, "शाईनं लिव्हलं का लिव्हलं, बाय. पेन्सिलीचं खोडता तरी येतं." मला मुलगी असल्यासारखे बाय म्हणायचे.

असा हा भित्रा माणूस एक नियम मात्र दरवर्षी बिनदिक्कत मोडायचा. भाताची लावणी लागली की पाड्यांवरची मुलंमुली कॉलेजात फिरकत नसत. नियम एका वेळी एका पुस्तकाचा, पण सर त्याआधी प्रत्येकाला चार-पाच पुस्तकं स्वतःच्या जबाबदारीवर देत आणि सांगत, "लावणी उरकली का आणा." ते स्वतः वैशाखरे गावचे, घरी भातशेती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या पोरीला वाचनालयात येऊन बसायला वेळ कुठला, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पुस्तकं खताच्या गोणीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जात आणि चुलीच्या धुराचा वास घेऊन परत येत. एखादं पुस्तक उशिरा आलं तर मात्र सर दिवसातून चारदा फाटकाशी जाऊन वाट बघत.

मग एका वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती यायची ठरली, आणि तीही ऐन लावणीत. प्राचार्यांचं फर्मान सुटलं, कपाटं भरलेली दिसली पाहिजेत. सरांनी निरोप धाडले. पोरी शेतातून तशाच आल्या, पुस्तकं टेबलावर ठेवून गेल्या. काहींची अर्धीच वाचून झाली होती. समितीतले एक गृहस्थ पाच मिनिटं आत आले, भरलेली कपाटं बघून "छान ठेवलंय" म्हणाले. मग वाचनालयात येऊन बसणाऱ्या वाचकांची वही उघडली. लावणीचे दिवस, वही कोरी. त्यांनी लिहून घेतलं, ग्रंथालयाचा वापर कमी. सर शेजारीच उभे होते. त्यांना कुणी एक अक्षर विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पुस्तकं घरी होती तवा पोरं वाचत होती. ती काढून आणली तवा म्हणं छान. आन् मी तोंड उघडलंच नाय, बाय. भ्यालो."  मग म्हणाले, "हे निकष करतात तवा आपल्यातलं कोण असतं का गो तिथं?" कुणी नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यातून मूल्यांकन करणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहायची कल्पना निघाली. शहापूर-मुरबाडचे आम्ही आठ ग्रंथपाल पुढच्या एप्रिलमधल्या एका रविवारी माझ्या वाचनालयात जमलो. मागणी दोन ओळींची होती: ग्रंथालयाचे निकष ठरवताना खेड्यातल्या ग्रंथपालांना विचारा, घरी नेलेलं पुस्तकही वापरात धरा. सगळ्यांना पटलं. पण पहिली सही कोण करणार? जो तो छताकडे बघू लागला. तेव्हा सरांनी चिवड्याची ताटली रिकामी केली, मागणीच्या ओळींवर ती पालथी घालून कडेने पेन्सिलीने गोल काढला. "आता गोलावर सह्या करा. पयला कोण नि शेवटला कोण, कुणाला कळायचं नाय." सगळे हसले आणि कागद फिरला. भित्र्या माणसालाच भित्र्यांची अडचण कळते.

माझी पाळी आली तेव्हा मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. सरांनी स्वतःची पेन्सिल पुढे केली. मी पेन्सिलीने सही केली. सरांनी मात्र त्या दिवशी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली आपलं पूर्ण नाव आणि कॉलेजचा पत्ता लिहिला. "जवाब कुठं धाडायचा ते कळाया नको?" मागे वळून बघायला त्या वेळी ते विसरले.

पत्र टपालात टाकायचं काम माझं होतं. सोमवारी आमचे प्राचार्य सहज म्हणाले, "मॅडम, जून जवळ आला, नाही का?" पत्राचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण मी वाचनालयात गेले, दार लावलं आणि माझी सही खोडली.

पत्र टाकून सरांना झेरॉक्स दिली तेव्हा त्यांनी गोलातली रिकामी जागा बघितली. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. "पेन्सिल त्यासाठीच दिलती," ते म्हणाले. "घाबरू नको."

त्या जूनमध्ये माझा आदेश आला, सरांचा आला नाही. पत्ता त्यांचा होता, विचारणा त्यांच्याच कॉलेजला झाली. ते वैशाखऱ्याला गेले, आणि गेल्या थंडीत वारले. मी दोनदा भेटून आले होते. दोन्ही वेळा माफी ओठावर येऊन परत गेली.

परवा कॉलेजात एक कागद आला. नव्या निकषांबद्दल ग्रंथपालांनी आपल्या सूचना सहीनिशी पाठवाव्यात. तो आमच्या पत्रामुळे आला की आपसूक, देव जाणे. प्राचार्य म्हणाले, "काही लिहू नका, उगाच नजरेत येतं." मी लावणीच्या पुस्तकांबद्दल सगळं लिहिलं. सहीपाशी आले आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. ती खणात टाकली, पेन घेतलं, सही केली. जून तोंडावर आहे. शाई वाळेपर्यंत कागद तसाच धरून ठेवला, आणि मी मागे वळून बघितलं.

कोणी नव्हतं. तिथे सर असायला हवे होते.