आभाळ दिसलं का?

रायफल देण्याआधी आमचे मिस्त्री नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढायचे, नळी आपल्यापुढे धरायचे आणि विचारायचे, "आभाळ दिसलं का?" एक डोळा मिटून आरपार उजेड बघायचा, 'दिसलं' म्हणायचं, मगच गोळ्या मिळत. सेमिनरी हिल्सजवळच्या आमच्या रायफल क्लबात मोठमोठे साहेब येत, पण हा प्रश्न कुणालाच चुकला नाही.

एकेका कामाची सवय अंगात कशी भिनते, हे तुम्हीही पाहिलं असेल. फुंकणी, बासरी, सायकलचा पंप, काहीही पोकळ हाती आलं की मिस्त्री डोळ्याला लावत. त्यांची बायको सांगायची, लग्नात यांनी वाजंत्र्याची सनईसुद्धा तपासली होती.

मी तेव्हा टेलिफोन ऑफिसात होते आणि राज्य स्पर्धेच्या संघात माझं नाव लागलं होतं. पंधरा दिवस उरलेले. त्या रविवारी घाईघाईत मी न बघताच 'दिसलं' म्हणाले. पहिलीच गोळी भसकन गेली आणि निशाण कोरंच राहिलं. मिस्त्रींनी नळीवरून बोटं फिरवली. मधोमध फुगली होती. सेक्रेटरी म्हणाले, जुनी नळी, कधीतरी जायचीच. मी गप्प बसले. संघातून नाव कटेल, या भीतीने गप्पच बसले.

आठवड्याने नवी नळी आली. जुनीचे आटे सुटेनात. मिस्त्रींनी तेल सोडलं आणि निवांत चहा प्यायले. "रागानं फिरवलं त आटे मरते," म्हणाले. मग नवी नळी बसवायची, खोटी गोळी घालून बोल्ट लावून बघायचा, पुन्हा खोलून कानस मारायची. बोल्ट अडायलाही नको आणि खुळखुळायलाही नको. दुपारभर हेच चाललं होतं. मी शेजारी बसून होते.

मध्येच त्यांनी खिशातून एक जळकी चिंधी काढून बाकावर ठेवली. निशाणाच्या वाटेवर, गवतात सापडलेली. हिरव्या काठाची. नळ्या पुसायला ते बायकोचं जुनं लुगडं फाडून आणत, हे सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. मिस्त्रींनी पुन्हा कानस घेतली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "मिस्त्री, मी बघितलंच नव्हतं."

"मले मालूम हाय, बाई. चिंधी आत माह्याच हातून राहिली. पाहणं तुह्यं काम होतं. अन् तू दिसलं म्हणाली, त मी पुढं काही इचारलं नाही."

सेक्रेटरींना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते नाव कापायला निघालेच होते. मिस्त्री मागून हात पुसत आले. "राहू द्या साहेब. आता नळी पाहाले हिच्याएवढं पक्कं माणूस तुमाले भेटणार नाही."

नाव राहिलं. पुण्याला त्याच रायफलीवर माझा तिसरा नंबर आला. मिस्त्रींनी पदक बाजूला ठेवून आधी नळी पाहिली, मग सगळ्यांसाठी तर्री-पोहे मागवले.

तेव्हापासून त्यांच्या प्रश्नाला शेपूट फुटलं. "आभाळात काय दिसलं?" घार, पतंग, कडुनिंबाची फांदी, काहीतरी सांगावंच लागे. सगळे वैतागत. मी मात्र खुशीत सांगायची.

मिस्त्री जाऊन आता तीन वर्षं झाली. रविवारी रायफली मीच देते. परवा एक नवी मुलगी पटकन 'दिसलं' म्हणाली. मी विचारलं, आभाळात काय होतं? ती ओशाळली, पुन्हा डोळा लावून बराच वेळ बघत राहिली. मला मिस्त्रींची फार आठवण आली.

"बगळा, मॅडम."

मी वर पाहिलं. होताच.